पार्श्वभूमी : बारावीनंतर परके

अमेरिकेतल्या लॅटिनो स्थलांतरित घरांतून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या मुलांविषयी बोलताना घरची ओढाताण, मार्गदर्शनाचा अभाव, शिकता शिकता करावी लागणारी नोकरी यांचा उल्लेख हमखास होतो. तो खराच आहे. पण ज्या मुलांकडे किंवा त्यांच्या आईवडिलांकडे देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नाहीत, त्यांच्या वाटेतला मोठा धोंडा कायद्यानेच आणून ठेवला आहे. टेक्सासमध्ये २०२५ साली अशा मुलांची कॉलेजातली स्थानिक फीची सवलत एका दिवसात रद्द झाली, त्याची मुळं तिथे आहेत.

कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवणं १९४७ साली बेकायदा ठरलं. १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. आम्हाला हातकामाच्या विषयांकडेच ढकलतात, कॉलेजची तयारी करून घेत नाहीत, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती.

खरा पेच टेक्सासात सुरू झाला. कागदपत्रं नसलेल्या मुलांना शाळेत घेण्याचं बंधन राज्याच्या १९७५ च्या कायद्याने उठवलं, आणि १९७७ मध्ये टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांमागे वर्षाला १,००० डॉलर फी लावली. शेतात, कारखान्यात राबणाऱ्या घरांना ती परवडणं शक्यच नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : आईबापांच्या कृत्याची शिक्षा लेकरांना देता येणार नाही, शाळेची दारं उघडी ठेवा. मात्र हा निकाल शाळेपुरताच होता. बारावीपर्यंत ज्याला वर्गात बसवायचं, त्याला पुढे काय, हे अधांतरीच राहिलं.

ती पोकळी केंद्राच्या १९९६ च्या कायद्याने भरली, आणि वाईट रीतीने भरली. देशात बेकायदा राहणाऱ्याला केवळ राज्याचा रहिवासी म्हणून उच्च शिक्षणात सवलत द्यायची असेल, तर तीच सवलत दुसऱ्या राज्यांतल्या नागरिकांनाही मिळायला हवी, असं कलम त्यात आलं. सरकारी कॉलेजात परराज्यातल्यांची फी स्थानिकांच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि या मुलांना केंद्राचं अनुदानही नाही, कर्जही नाही. म्हणजे सगळं शिक्षण या एका कलमाच्या अर्थावर टांगलेलं.

टेक्सासनेच २००१ मध्ये पहिली वाट काढली. तीन वर्षं राज्यात राहून तिथल्याच हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्याने, संधी मिळताच कायम निवासासाठी अर्ज करीन, असं प्रतिज्ञापत्र दिलं की त्याला स्थानिक फी. या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन राज्यपालांनी, हे आज कुणाला आठवतही नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने निवासाची अट टाळून राज्यात तीन वर्षं हायस्कूल केल्याची अट घातली. तिथे शिकून परराज्यात गेलेल्या नागरिकालाही ती लागू होत असल्याने २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. टेक्सासच्या कायद्यात निवासाचा शब्द राहिला होता. ४ जून २०२५ रोजी केंद्राने त्यावर बोट ठेवून दावा लावला, राज्याच्या वकिलांनी विरोध करायचं सोडून संमती दिली आणि त्याच दिवशी कायदा रद्द झाला. वादी-प्रतिवादी एकाच बाजूला, आणि ज्यांची फी वाढली त्यांचं म्हणणं ऐकायला कुणीही नाही. चोवीस वर्षं चाललेली व्यवस्था अशी मोडणं हा न्याय नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लोरिडानेही २०१४ पासूनची अशीच सवलत २०२५ मध्येच काढून घेतली.

मधल्या काळात, १५ जून २०१२ रोजी, लहानपणी आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना देणारी डीएसीए योजना आली. तिची अट १५ जून २००७ पासून देशात असण्याची. आज हायस्कूल संपवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्मच त्याच्या आसपासचा किंवा नंतरचा, त्यात नवे अर्ज २०२१ पासून न्यायालयात अडकलेले. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या आईवडिलांच्या व्हिसाच्या आधाराने, वाढून २१ व्या वर्षी अधांतरी होणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही ती मिळत नाही, कारण ती कायदेशीर व्हिसा असलेल्यांसाठी नव्हतीच.

नागरिक असलेल्या मुलांचीही यातून सुटका नाही. केंद्रीय मदतीचा नवा फाफ्सा अर्ज डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आला, तेव्हा सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) नसलेल्या आईवडिलांना आपली माहिती ऑनलाइन भरताच येईना. दुरुस्तीला मार्च उजाडला. करपत्रं काढायची, त्यांचा अर्थ घरी स्पॅनिशमध्ये समजावायचा, फोनवर तासन्‌तास थांबायचं, हे सगळं सतरा वर्षांच्या मुलीने. आता तर आईवडिलांचं नाव-पत्ता सरकारदरबारी गेला तर काय, या धास्तीने अर्जच न भरणारी घरं आहेत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये टेनेसी राज्याच्या सिनेटने कागदपत्रं नसलेल्या शाळकरी मुलांकडूनही फी घेण्याची मुभा देणारं विधेयक मंजूर केलं. दुसऱ्या सभागृहात ते अडकलं, पण त्याचा रोख थेट १९८२ च्या निकालावर होता.