ऑर्डर ऑफ द बाथ : परदेशी नेत्यांचे मानद सदस्यत्व

ऑर्डर ऑफ द बाथ हा ब्रिटिश राजसत्तेचा जुना सन्मान. राजा पहिला जॉर्ज याने १८ मे १७२५ रोजी तो लष्करी सन्मान म्हणून स्थापन केला. ब्रिटिश प्रजाजनांना तो रीतसर मिळतो, परदेशी सेनानी आणि राष्ट्रप्रमुखांना ‘मानद’ म्हणून. मानद सदस्याला नावामागे ‘सर’ लावता येत नाही आणि सदस्यांच्या ठरलेल्या संख्येतही तो धरला जात नाही. गळ्यातला हार आणि छातीवरचा तारा मात्र त्यालाही मिळतो. सनदेच्या भाषेपेक्षा हा सन्मान कोणाला, कधी दिला आणि कोणाकडून परत घेतला, या हकिगतीच जास्त बोलक्या आहेत.

नावातील ‘बाथ’ म्हणजे आंघोळच. बाथ या इंग्लंडमधील शहराशी त्याचा संबंध नाही. मध्ययुगात नाइट होणाऱ्या उमेदवाराला आदल्या दिवशी स्नान घालत. मग तो रात्रभर प्रार्थनामंदिरात जागरण करी आणि त्यानंतर राजा त्याला नाइट करी. आपल्याकडच्या मुंजीतले किंवा राज्याभिषेकातले स्नान ज्यांनी पाहिले-वाचले आहे, त्यांना यात काही नवल वाटणार नाही. दुसऱ्या चार्ल्सच्या १६६१ मधील राज्याभिषेकानंतर ही जुनी रीत बंद पडली. पुढे सहा दशकांनी पहिल्या जॉर्जने नाव तेवढे उचलले. त्यामागे पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याचा रोकडा हिशेब होता. ‘गार्टर’ या सर्वोच्च सन्मानाच्या जागा मोजक्या आणि आशा लावून बसलेले पुष्कळ, तेव्हा पाठीराख्यांना खूश ठेवायला आणखी एक फीत हवीच होती.

मराठी वाचकाच्या या सन्मानाशी जुन्या ओळखी निघतात. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, १८०४ मध्ये नाइट ऑफ द बाथ झाला तो असईच्या लढाईनंतर. आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळच्या असई गावापाशी २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला होता. पुढे शिंद्यांच्याच गादीवर आलेले ग्वाल्हेरचे जयाजीराव या सन्मानाच्या पहिल्या वर्गाचे मानकरी झाले. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतले तेव्हा हेच जयाजीराव आग्र्याला निघून गेले होते. संस्थानिक ब्रिटिशांचा प्रजाजन की परका राजा, हा प्रश्न अशा वेळी कोणी फारसा ताणत नसे.

नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी या सन्मानाचे रूप पालटले. गौरव करण्याजोगे अधिकारी इतके झाले की १८१५ मध्ये त्याचे तीन वर्ग पाडावे लागले : नाइट ग्रँड क्रॉस, नाइट कमांडर आणि कंपॅनियन. पहिल्या वर्गाची आद्याक्षरे जीसीबी, दुसऱ्याची केसीबी, तिसऱ्याची सीबी. १८४७ मध्ये मुलकी विभागही या तीन वर्गांत विस्तारला, तर स्त्रियांना प्रवेश मिळायला १९७१ साल उजाडले. परदेशी सेनानींना फीत देण्याची चालही वॉटर्लूच्या काळात रुळली. प्रशियाचा वृद्ध सेनापती ब्ल्यूखर हा त्या पिढीतील मानद जीसीबी.

दोन्ही विभागांची फीत किरमिजी, पण खाली लटकणारे चिन्ह वेगळे. मुलकी चिन्ह साधे, सोन्याचे, लंबगोल. लष्करी चिन्ह म्हणजे पांढऱ्या मिन्याचा आठ टोकांचा माल्टी क्रूस. त्याच्या आठही टोकांना सोन्याचे मणी आणि चारही खाचांत एकेक सिंह. मधोमध राजदंडाभोवती गुलाब, काटेफूल आणि तिपानी, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या खुणा; सोबत तीन मुकुट. भोवतीच्या तांबड्या कड्यावर ‘एकात जुळलेले तीन’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद. त्याच्या खाली निळ्या पट्टीवर ‘मी सेवा करतो’ हे जर्मन शब्द असतात. ते प्रिन्स ऑफ वेल्सचे ब्रीद. ग्रँड क्रॉसचा मानकरी रुंद फीत उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेवर घेतो. समारंभी हार सोन्याचा, सुमारे ९३३ ग्रॅम वजनाचा : नऊ मुकुट, फुलांचे आठ गुच्छ आणि त्यांना जोडणाऱ्या सतरा गाठी. तोळ्यांत सांगायचे तर ऐंशी तोळे!

आशियातील परदेशी मानकऱ्यांत सर्वांत लक्षात राहतो तो नेपाळचा जंगबहादुर राणा. १८४६ मधील कोत हत्याकांडानंतर, म्हणजे दरबारातल्या कत्तलीनंतर, काठमांडूची सत्ता त्याच्या हाती आली आणि १८५० मध्ये तो लंडन-पॅरिस पाहून आला. ब्रिटिशांचे कारखाने आणि तोफा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या या माणसाने १८५७ मध्ये कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे ठरवायला वेळ लावला नाही. तो स्वतः गुरखा फौज घेऊन अवधात उतरला आणि मार्च १८५८ मध्ये लखनौ घेण्याच्या लढाईत ब्रिटिश सेनापती कॉलिन कॅम्पबेलला सामील झाला. त्याच वर्षी त्याला जीसीबी मिळाला. १८६० मध्ये पश्चिम तराईतील बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा मुलूखही नेपाळला परत मिळाला. नेपाळच्या दृष्टीने फितीपेक्षा हा पट्टा मोलाचा.

याच जंगबहादुराची दुसरी बाजू अशी, की पराभूत होऊन तराईच्या जंगलात शिरलेल्यांपैकी काहींना त्याने थारा दिला. अवधची बेगम हजरत महल काठमांडूला राहिली आणि १८७९ मध्ये तिथेच वारली. पेशव्यांच्या घरातील स्त्रियांनाही नेपाळात आसरा मिळाला. नानासाहेबांचे तराईत नेमके काय झाले, याची उकल आजवर झालेली नाही. म्हणजे लखनौ घेतल्याबद्दल ज्याला किरमिजी फीत मिळाली, लखनौची बेगम राहिली तीही त्याच्याच आश्रयाला.

दुसऱ्या महायुद्धात ही फीत दोस्तांच्या सेनापतींकडे गेली. अमेरिकी सेनापती आयझेनहॉवरला १९४३ मध्ये जीसीबी मिळाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपद दहा वर्षे दूर होते. सर्वांत चमत्कारिक प्रसंग १२ जुलै १९४५ चा. उद्ध्वस्त बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी फील्डमार्शल माँटगोमेरी याने सोव्हिएत मार्शल झुकोव्हला ग्रँड क्रॉस आणि रोकोसोव्हस्कीला नाइट कमांडर केले. ज्या क्रांतीने झारला संपवले तिच्या फौजेचे हे मार्शल, आणि सन्मान देणारा इंग्लंडचा राजा! युद्ध नुकतेच संपले होते आणि शीतयुद्धाला अजून थोडा अवकाश होता. असा समारंभ तेवढ्याच फटीत शक्य होता.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची अडचण वेगळी. पदावर असताना काँग्रेसच्या संमतीवाचून परकीय राजाकडून पद, पदवी किंवा भेट घ्यायला त्यांच्या राज्यघटनेची मनाई आहे. म्हणून रोनाल्ड रेगन यांना जीसीबी मिळाला तो १९८९ मध्ये, पद सोडल्यानंतर. थोरले जॉर्ज बुश यांनाही तसाच १९९३ मध्ये. आखाती युद्धातील सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ यांना मात्र राणी दुसऱ्या एलिझाबेथने १९९१ मध्ये फ्लोरिडातच नाइट कमांडरचे चिन्ह दिले. खांद्याला तलवार लावण्याचा विधी परदेशी माणसासाठी नसतो, त्यामुळे तो झाला नाही.

सरकारी दौऱ्यांच्या काळात देवाणघेवाणीची रीत पक्की झाली : पाहुण्या राष्ट्रप्रमुखाला आपला सन्मान द्यायचा, त्याच्या देशाचा आपण घ्यायचा. इथे लष्कराचा संबंध उरत नाही. ही नेमणूक मुलकी विभागातली. नाव राजाचे वा राणीचे, पण निवड सरकारची, आणि सरकारची निवड त्या हंगामातल्या गरजेप्रमाणे. रुमानियाचा राष्ट्राध्यक्ष निकोलाय चाउशेस्कू जून १९७८ मध्ये लंडनला आला तेव्हा ब्रिटनला तिथे विमाने खपवायची होती. शिवाय १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाला उघड विरोध केल्यामुळे तो मॉस्कोला न जुमानणारा कम्युनिस्ट म्हणून पश्चिमेत आवडता होता. त्याचा मुक्काम बकिंगहॅम राजवाड्यात होता. हा पाहुणा राणीला मनातून नकोसा होता आणि बागेत कुत्र्यांना फिरवताना तो समोरून येताना दिसला तेव्हा ती झुडपाआड झाली, अशी हकीकत सांगतात. काहीही असो, जीसीबी त्याला मिळाला.

अकरा वर्षांनी, २२ डिसेंबर १९८९ रोजी, तो बुखारेस्टहून हेलिकॉप्टरने पळाला. २४ तारखेला लंडनने सन्मान काढून घेतला आणि राणीने रुमानियाकडून घेतलेला तारा परत पाठवला. २५ तारखेला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. सन्मान एका दिवसाने आधी गेला, एवढेच.

अशी ही एकच वेळ नव्हती. मुसोलिनीला १९२३ मध्ये, सत्तेवर येऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, ग्रँड क्रॉस मिळाला होता. इटली युद्धात उतरल्यावर १९४० मध्ये तो रद्द झाला. झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना १९९४ च्या सरकारी दौऱ्यात जीसीबी मिळाला. त्यांच्या राजवटीतले माताबेलेलँड या झिंबाब्वेतील भागातले हत्यासत्र त्याआधीच, १९८० च्या दशकात, घडून गेले होते. ते सन्मानाच्या आड आले नाही. २००८ मध्ये निवडणुकीतील हिंसाचारानंतर, दुसऱ्या फेरीच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना, परराष्ट्रमंत्र्यांच्या शिफारशीवरून राणीने ती नेमणूक रद्द केली. त्यासाठी समारंभ लागत नाही. नेमणूक रद्द झाली असून नाव नोंदवहीतून खोडले आहे, असे राजपत्रात छापले की काम होते.