‘शुगर-फ्री’ आणि ‘नो ॲडेड शुगर’

आपल्या घरांत ‘शुगर’ हे साखरेपेक्षा आजाराचंच नाव जास्त. ‘बाबांना शुगर आहे’ म्हणतो आपण. त्यामुळे पाकिटावर ‘शुगर-फ्री’ दिसलं की ‘शुगरवाल्यांना चालतं’ असं वाचलं जातं. छापणारा मात्र फक्त साखरेबद्दल बोलत असतो.

भारतातल्या नियमांत ‘शुगर-फ्री’ म्हणजे 100 ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त 0.5 ग्रॅम. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली नाही, मुळातली असेल तेवढी असू दे. म्हणून संत्र्याच्या रसावर दुसरा शिक्का बसू शकतो, पहिला नाही. 200 मिली रसात फळाचीच सोळा-सतरा ग्रॅम साखर असते, म्हणजे चार चमचे. चोथाही गेलेला, त्यामुळे ती रक्तात पटकन उतरते.

इथवर सोपं आहे. जास्त फसवतो तो पहिला शिक्का. शुगर-फ्री बिस्किटात बहुतेकदा मैदा असतोच, आणि स्टार्च हा ग्लुकोजचीच लांब माळ असला तरी लेबलवर साखरेत धरला जात नाही. मैद्यातला कोंडा काढलेला, दळण बारीक. ती माळ तोंडातल्या लाळेपासूनच तुटू लागते. चहातली साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज बरंचसं यकृतातच अडतं. म्हणून साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर ग्लुकोजच्या तुलनेत किती चढते, त्याचा आकडा) 65च्या आसपास, तर पांढऱ्या ब्रेडचा 75च्या. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आकडे उलटे छापलेत असंच वाटलं होतं.

पाकिटबंद पदार्थांत घातलं जाणारं माल्टोडेक्स्ट्रिन त्याहून वरचढ. बऱ्याचदा मक्याच्या स्टार्चपासून बनतं, फारसं गोड नाही, साखर म्हणून सहसा मोजलं जात नाही, आणि इंडेक्स मात्र 100च्या घरात. काही गोडव्याच्या पुड्यांमध्येही ते भर म्हणून असतं. साखरेऐवजी गोडव्यासाठी घालतात त्या माल्टिटॉलचा इंडेक्स 35च्या आसपास. तेही शुगर वाढवतं, पण कमी. (जास्त खाल्लं तर पोट कुरकुरतं, ते वेगळंच.)

तेव्हा पाकीट उलटं करा. ‘टोटल शुगर्स’च्या ओळीत शून्य असेल, पण ‘कार्बोहायड्रेट’च्या ओळीत बिस्किटाला 100 ग्रॅममागे 65-70 सहज सापडतात. चार बिस्किटं 30 ग्रॅमची धरली तर 20 ग्रॅम कार्बोहायड्रेट, जवळजवळ एका पोळीएवढं. आणि ती बिनसाखरेच्या चहात बुडवून खायची!