जुना पत्रा, नवा पत्रा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाची गाडी खांबाला जरा घासली की एक डायलॉग हमखास येतो, "आमच्या फियाटचा पत्रा बघायला हवा होता, हा म्हणजे नुसता पापड". बोलणारे काका सत्तरीचे असतात आणि ते अगदीच चूक बोलतात असं नाही, पण ही भानगड मुळापासून बघावी लागते.

त्या काळी चॉईसच नव्हता हो. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअरची कुर्ल्याला बनणारी फियाट, नाहीतर अँबेसिडर, जी मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५७-५८ च्या सुमारास इकडे आली ती २०१४ पर्यंत जवळपास तोच चेहरा घेऊन बनत राहिली. फियाटच्या जुन्या मॉडेलला तर तोंडावरून लोक 'डुक्कर फियाट'च म्हणायचे. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, म्हणून मिळालेली गाडी पोरासारखी जपायची.

आमच्याकडे बाबांची पद्मिनी होती, म्हणजे प्रीमिअरचीच पुढची फियाट, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. थंडीत सकाळी चोक ओढायचा, म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जास्त मिळायचं, किती ओढायचा ते फक्त बाबांना माहीत, जास्त झाला की गाडी ओव्हरफ्लो आणि मग बसा वाट बघत. मुंबईहून येताना बोरघाटात मे महिन्यात गाडी हमखास बंद पडायची कारण गरम होऊन पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि आम्ही पोरं चिक्की खात कठड्यावर. घाटात अशा पाच-सहा गाड्या तरी बॉनेट वासून उभ्या असायच्या, कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि हे सगळं जुनं वाटायला लागलं. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, पण सेल्फ मारला की चालू. तेव्हाही लोक तिला काड्यापेटी म्हणालेच. मग आपल्या पिंपरीच्या टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) १९९१ ला सिएरा, १९९४ ला सुमो, १९९८ ला इंडिका. २००० च्या आसपास कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, गेला, त्याच्याबरोबर चोकही गेला. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि ज्या लोकांनी आयुष्यभर साठच्या वर काटा नेला नव्हता ते शंभरने जायला लागले.

आणि इथेच पत्र्याचा मुद्दा येतो. जाड पत्रा चेपत नाही, मग धडकेचा दणका जातो कुठे? सरळ आत बसलेल्या माणसाच्या छातीत, त्यात जुन्या गाड्यांचा स्टिअरिंगचा दांडा ताठ, तो मागे घुसायचा. मर्सिडीजच्या बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरने १९५० च्या दशकातच उलटा विचार मांडला, गाडीचं नाक मुद्दाम चुरगळू द्यायचं आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र कडक ठेवायचा. आपल्याकडे हे कायद्यात यायला २०१७ उजाडलं, त्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलला क्रॅश टेस्ट सक्तीची झाली. २०१८ च्या डिसेंबरात टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सुरक्षिततेचे स्टार देणारी संस्था) पाच स्टार मिळाले, त्यानंतर शोरूममध्ये अ‍ॅव्हरेजच्या आधी स्टार विचारणारी गिऱ्हाईकं मी स्वतः पाहिलीत. (आणि अँबेसिडर चेसिसवर, म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, होती म्हणून मजबूत, हेही खोटं, तिची बॉडी अखंडच होती.)

म्हणजे काका चूक? माझ्या मते ते ज्याला मजबूत म्हणतात ते खरं तर 'दुरुस्त होणारी' असं आहे. बाबांच्या पद्मिनीचा मडगार्ड रिक्षाने चेपला तेव्हा नाना पेठेजवळच्या एका डेंटिंगवाल्याने लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन संध्याकाळपर्यंत सरळ करून दिला होता. माझ्या आत्ताच्या गाडीचा बंपर गेल्या महिन्यात बाईकवाल्याने तडकवला, आत सेन्सर आहेत म्हणून पूर्ण बदलावा लागला, आणि ते बिल मी बाबांना अजून दाखवलेलं नाही.