करिअर निवडण्याआधी ते जवळून बघा
(आमच्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी)

नाव नोंदवताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "कल चाचणी कधी?" चाचणी आम्ही घेतो, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते आधी समजून घ्या. आज वापरात असलेल्या बऱ्याच चाचण्या जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर उभ्या आहेत. हातांनी करायची कामे, शोध-अभ्यास, कला, लोकांना मदत, नेतृत्व-विक्री आणि नोंदी-हिशेब असे आवडींचे सहा गट त्यात आहेत. बहुतेकांचा कल दोन-तीन गटांकडे झुकतो. कोणत्या दिशेला शोधायचे, एवढे त्यावरून कळते. ते काम जमेल की नाही, हे अहवालात नसते.

ते कळते त्या क्षेत्रातल्या माणसांशी बोलून. "आमची कुठे ओळख नाही," ही सबब आम्ही फारशी मनावर घेत नाही. नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून जास्त मिळते, असे मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडले. मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. तेव्हा माजी विद्यार्थी, जुने शिक्षक, नातेवाइकांचे सहकारी यांना विचारा. नोकरी मागू नका, वीस मिनिटे मागा: "नमस्कार, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचे काम समजून घ्यायचे आहे. या आठवड्यात फोनवर थोडा वेळ देऊ शकाल का?"

आणि कृपा करून "स्कोप आहे का?" हा प्रश्न घरी ठेवून या. "काल दिवसभर काय काय केलंत?" असे विचारा. डेटा अॅनालिस्ट सांगेल, आलेख तासाभरात होतो. चुकीच्या तारखा, दोनदा आलेली नावे आणि रिकामे रकाने निस्तरण्यातच दिवस जातो. वकील सांगेल, कोर्टात बोलणे थोडे आणि कागद वाचणे फार. हे ऐकूनही ते काम करावेसे वाटले, तर पुढे जा.

पुढे म्हणजे एखादा दिवस त्यांच्यासोबत कामावर. रुग्णालयासारख्या ठिकाणी गोपनीयतेमुळे परवानगी मिळेलच असे नाही, म्हणून आधी विचारा. इंटर्नशिप घेताना काम कोणते आणि शिकवणार कोण, हे लेखी घ्या. नुसते प्रमाणपत्र मिळणार असेल, तर तो वेळ एखाद्या छोट्या प्रोजेक्टला दिलेला बरा.

नोकरीच्या जाहिराती आत्तापासून वाचा, अर्ज करायचा नसला तरी. एकाच पदाच्या दहा-बारा जाहिराती शेजारी ठेवल्या की कोणती कौशल्ये पुन्हा पुन्हा मागितली जातात ते लगेच दिसते.

पालकांना विनंती: पहिल्या भेटीला जरूर या, दुसऱ्या भेटीला मुलांना एकटे पाठवा.

दुसऱ्या भेटीला येताना निदान दोन जणांशी झालेल्या बोलण्याची टिपणे आणा, मोबाइलमध्ये असली तरी चालतील. कोणाशीच बोलणे झाले नसेल, तर फोन करून वेळ पुढची घ्या.