खनिज ब्लॉक लिलावासाठी सुचवायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि डेटाची तयारी

लोहखनिज, मँगनीज, चुनखडी यांसारख्या प्रमुख खनिजांचे ब्लॉक (लिलावासाठी आखलेली क्षेत्रं) सरकारनेच शोधायचे आणि आपण फक्त बोली लावायची, असा समज अजून बराच आहे. खनिजसाठ्याच्या पुराव्याबाबतच्या 2015 च्या नियमांत 2021 मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून लिलावात उतरू इच्छिणारी कोणतीही व्यक्ती संमिश्र परवान्यासाठी (पूर्वेक्षण म्हणजे खनिजाचा शोध आणि खाणपट्टा एकत्र) क्षेत्र सुचवू शकते. मात्र सुचवलं म्हणून ब्लॉक आपला होत नाही. लिलाव सर्वांसाठी खुलाच असतो. सुचवणाऱ्याला सवलत एवढीच, की त्या ब्लॉकसाठी बोलीची सुरक्षा रक्कम निम्मी भरावी लागते.

कोण पात्र? भारतीय नागरिक किंवा कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी. निव्वळ मालमत्तेची अट ब्लॉकनुसार बदलते, ती निविदेत पाहावी. वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड ही गौण खनिजं आहेत, त्यांना राज्याचे वेगळे नियम लागू होतात. कोळसाही या वाटेने मिळत नाही.

डेटा कुठून? 19 डिसेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडाराच्या पोर्टलवर नोंदणी करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे, भूरासायनिक आणि भूभौतिक माहिती तिथे मिळते. भूरासायनिक मॅपिंगमध्ये साधारण 2 किमी × 2 किमी चौकोनामागे एक एकत्रित नमुना असतो. त्यामुळे एकाच नमुन्यात धातूचं प्रमाण जास्त दिसलं, तरी तेवढ्यावर ब्लॉकची हद्द आखू नका. शेजारच्या चौकोनांतले आकडे आणि खडकांचा नकाशा त्याला दुजोरा देतात का, ते आधी पाहा.

फाइलमध्ये काय असावं? अर्जदाराची ओळख किंवा कंपनीची कागदपत्रं, हद्दीच्या प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश, खनिज असल्याचा भूवैज्ञानिक आधार आणि डेटाचा स्रोत. पोर्टलवरून घेतलेल्या प्रत्येक नकाशा-थराच्या फाइलचं मूळ नाव आणि डाउनलोडची तारीख लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी निर्देशांकांची घ्यावी लागते. जुने टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) एव्हरेस्ट डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याच्या जुन्या आधारावर आहेत; जीपीएस डब्ल्यूजीएस-84 या वेगळ्या डेटमवर चालतो. रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले, तर हद्द शंभर मीटरहून जास्त सरकू शकते. महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. 78 अंश पूर्व रेखांशावर यूटीएमचे (मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या पद्धतीचे) 43 आणि 44 हे झोन बदलतात आणि ही रेषा यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते. वणीकडचे बिंदू झोन 44 मध्ये येतात, पुसदकडचे 43 मध्ये. झोन न लिहिलेली यादी कुणालाच तपासता येत नाही.

अर्ज कुठे? राज्य सरकारकडे. महाराष्ट्रात चौकशीसाठी नागपूरचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, गोव्यात पणजीचं खाण व भूगर्भशास्त्र संचालनालय. हद्द आधीच्या खाणपट्ट्यावर किंवा वनजमिनीवर येते का, हे अर्जाआधीच विचारून घ्या. राज्याने नेमलेली समिती खनिजाची शक्यता तपासते आणि तिची शिफारस झाली तर ब्लॉक लिलावाकडे जातो.

बोली जिंकल्यावर लगेच खाणपट्टा मिळत नाही, त्याआधी साधारणपणे जी-2 पातळीचं (सामान्य अन्वेषण) काम करावं लागतं. तेव्हा प्रत्येक बोअरहोलचं स्थान, समुद्रसपाटीपासूनची उंची, गाभ्याची प्राप्ती (ड्रिलिंगमधून खडकाचा किती नमुना हाती आला) आणि प्रयोगशाळेचे मूळ अहवाल मागितले जातात. ड्रिलिंगच्या पहिल्या दिवसापासून नमुना क्रमांक, खोली ‘पासून–पर्यंत’ आणि पडताळणीसाठी पाठवलेले दुबार नमुने एकाच नोंदवहीत उतरवा.