‘आमच्या घरी कुणी आलंच नाही’ म्हणजे आकडे खोटे?

कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर या मराठी बोलणाऱ्या सीमापट्ट्यात हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे जनगणना नव्हे. २०१९-२१ च्या फेरीत देशभरात साधारण ६.३७ लाख घरं घेतली. आधी गावं निवडतात, मग निवडलेल्या भागातल्या सगळ्या घरांची यादी करून ठरावीक अंतराने २२ घरं उचलतात. कुलूप असेल तर पुन्हा जायचं. शेजारचं घर बदली घ्यायचं नाही. घेतलं, तर घरी बसणारेच मोजले जातात आणि मजुरीला जाणारे सुटतात.

खरी उणीव वेगळीच. सविस्तर मुलाखत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची, पुरुषांची ५४ पर्यंत. म्हणजे सत्तरीतल्या आजीला अंघोळीला आधार लागतो का, हे तिथं शोधू नका. त्यासाठी ४५ वर्षांपुढच्यांचं ‘लासी’ सर्वेक्षण आहे. यादी झाल्यावर उभी राहिलेली ऊसतोड्यांची खोपटी तर यादीतच नसतात.

आणि भाषा! कानडी प्रश्न सुनेने मराठीत सांगितला, की सासू तिच्यादेखत ‘सगळं बरं आहे’ म्हणणारच. मुलाखत मराठीत, एकांतात हवी.