शैक्षणिक कर्ज, सरकारी योजनेतील (ठाणे व नवी मुंबई)

उच्च शिक्षणासाठी सरकारी योजनेच्या आधाराने मिळणारे बँकेचे कर्ज. बोलताना याला ‘सरकारी कर्ज’ म्हणतात, पण पैसे बँक देते आणि फेडायचेही बँकेलाच असतात. सरकार बँकेला हमी देते आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतील घरांचे व्याज पूर्ण किंवा अंशतः उचलते. सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या आई-वडिलांना हा फरक अर्जाआधीच समजावून सांगायला हवा.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. योजनेसाठी ठरवलेल्या संस्थांच्या यादीतील संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण किंवा जामीनदार लागत नाही. मॅनेजमेंट कोट्यातील प्रवेश यात बसत नाही. ठाणे-नवी मुंबईतील सगळी महाविद्यालये यादीत नाहीत, त्यामुळे कॅप राउंडचे (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीचे) पर्याय भरतानाच यादी पाहावी. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते. साडेचार लाखांच्या आतील घरांना तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी संपूर्ण व्याज माफ आहे. दोन्ही सवलती शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष एवढ्यापुरत्याच.

रक्कम किरकोळ नाही. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगसाठी दरवर्षी दीड लाख उचलले आणि व्याजदर ९ टक्के धरला, तर हप्ते सुरू होईपर्यंत, म्हणजे शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत, सरळव्याजानेच १ लाख ८९ हजार रुपये होतात. ३ टक्क्यांची सवलत त्यातले ६३ हजार वाचवते.

म्हणूनच सगळ्या कागदांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मोलाचा. तो सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून काढता येतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ असले तरी खारघरच्या मुलीचा दाखला पनवेल तहसीलचाच. रिक्षा चालवणाऱ्या किंवा पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या घरात फॉर्म १६ (नोकरी देणाऱ्याने दिलेला पगार व करकपातीचा दाखला) नसतो. तिथे तलाठ्याच्या चौकशीवर दाखला मिळतो. प्रवेशाच्या धावपळीत यालाच उशीर होतो, म्हणून बारावीचा निकाल लागण्याआधीच अर्ज टाकलेला बरा.

नावाकडेही लक्ष हवे. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते, आधारवर बहुधा शेवटी. क्रम वेगळा असला तरी चालून जाते, पण वडिलांच्या नावापुढे एकीकडे ‘राव’ आणि दुसरीकडे नुसते नाव असले, तर अर्ज अडू शकतो.

कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरला तरी बँकेच्या शाखेत जावे लागतेच: अलॉटमेंट लेटर (जागा मिळाल्याचे पत्र), महाविद्यालयाचे फी-पत्रक, गुणपत्रिका, पॅन, आधार आणि सहकर्जदाराचे कागद घेऊन. ‘तुमचा पत्ता आमच्या शाखेच्या हद्दीत नाही’ असे काउंटरवर ऐकून परतू नये. सेवाक्षेत्राचे कारण देऊन शैक्षणिक कर्ज नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. अर्ज फेटाळायचाच असेल तर कारण लेखी मागावे. ते कारण पुढच्या अधिकाऱ्याकडे तक्रार नेताना हातात लागते.